पूर्णविरामाचा श्वास

आईचा निरोप आला तेव्हा मी बुलंदच्या एका लांबलचक वाक्यातून श्वास काढत होते. बुलंद हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण स्टुडिओत त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. आवाज असा की काचा हलाव्यात, आणि श्वास घेतो तो बुडणारा माणूस पाण्याबाहेर आल्यासारखा. बोलकी पुस्तकं वाचणाऱ्यांमध्ये त्याला मागणी फार. तो न थकता, न थांबता, एका दमात पानंच्या पानं वाचतो असं ऐकणाऱ्यांना वाटतं, ते माझ्यामुळे. गेली कित्येक वर्षं मी हेच काम करते. पडद्यावर आवाजाची रेघ पसरलेली असते, शब्दांचे उंचवटे असतात आणि दोन उंचवट्यांच्या मधे सुरवंटासारखं केसाळ असं काहीतरी पडलेलं असतं, तो श्वास. तो उचलायचा, टाकून द्यायचा आणि त्याच्या जागी खोलीची शांतता भरायची. नुसती पोकळी ठेवून चालत नाही, ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बंद पडलं. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी आम्ही सगळे थोडा वेळ पुतळ्यासारखे उभे राहतो आणि त्या खोलीत कुणी बोलत नसताना जो आवाज असतो तो टिपून ठेवतो. ठिगळ त्याच कापडाचं लागतं. तर फोन टेबलावर थरथरला. आईचे निरोप बोललेले असतात. टाइप करायला तिला आवडत नाही, अक्षरं बारीक आणि शुद्धलेखन आपोआप बिघडतं अशी तिची तक्रार. मी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि फोन त्या कानाला लावला. "ऐकले गं तुझे सगळे निरोप," आई म्हणत होती, "परत परत ऐकले. छान बोलतेस. पण एक विचारू का? तू श्वास कुठे घेतेस?"

मी हसले. हसायला नको होतं, कारण हल्ली हसलं की पाठोपाठ खोकला येतोच. तोंडावर रुमाल दाबून मी काचेपलीकडे पाहिलं. बुलंद चष्मा कपाळावर चढवून पुढचं पान चाळत होता. त्याने अंगठा वर करून विचारलं, ठीक? मी अंगठा वर करून सांगितलं, ठीक. आमच्या धंद्यात हे एक बरं असतं, काचेच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात आणि बटण दाबल्याशिवाय एकमेकांचं काही ऐकू येत नाही. खोकला ओसरल्यावर मी निरोप पुन्हा लावला. आवाजात काळजी नव्हती, राग नव्हता. मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसं विचारलं होतं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि तिचा सगळा जीव वाचनाच्या तासात. पोरं शर्यत लागल्यासारखा धडा वाचत सुटायची आणि ती टेबलावर हात आपटायची. "थांब. श्वास कुठे घेतलास? स्वल्पविरामाला छोटा, पूर्णविरामाला मोठा. असा पळालास तर धडा संपायच्या आधी तूच संपशील." पोरं खिदळायची. मी तिच्याच वर्गात होते, त्यामुळे घरीही सुटका नव्हती. भाजी निवडता निवडता ती माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायची आणि मान वर न करता म्हणायची, "पूर्णविराम खाल्लास." हे सगळं मला ठाऊक होतं, चांगलं पाठ होतं. तरीही मी माझ्या निरोपांमधला एकूण एक श्वास काढून टाकत गेले, ते निरोप त्याच बाईला पाठवत गेले, आणि वर काम कसं बेमालूम झालंय म्हणून स्वतःची पाठ थोपटत राहिले. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माणूस अशी माती खातो.

आधी मी फोन करायचे. कामावरून निघाले की बस येईपर्यंत, रोज. आई दादाकडे असते, दुसऱ्या शहरात, इथून जायचं तर रात्रभराचा प्रवास. आमच्या बोलण्यात काही विशेष नसायचं. वहिनीने पडदे बदलले, शेजारच्यांच्या कुत्र्याला पिल्लं झाली, तुझा गुडघा कसा आहे, माझा तसाच आहे. ती मधेच फोन खाली ठेवून गॅस बंद करून यायची आणि मी बस आली तरी दुसरीची वाट बघायचे. मग तो खोकला लागला. स्टुडिओच्या भिंतींना फोम असतो, गालिचे असतात, धूळ कितीही काढा उरतेच, त्यामुळे आम्ही सगळेच बारा महिने खोकत असतो. मला सरबतासारखी औषधं मिळाली, मग पंप मिळाला, मग ॲलर्जीच्या गोळ्या. जिना चढताना थांबायला लागले तेव्हा कुणीतरी छातीचा फोटो काढायला सांगितलं, आणि फोटोत डावीकडचा अर्धा भाग पांढरा दिसला. छातीत पाणी झालं होतं. पाठीतून सुई घालून ते काढलं, बाटलीत बराच वेळ पडत राहिलं, फिक्या चहाच्या रंगाचं. त्या पाण्यातच तो आजार होता, ज्याचं नाव मी घेत नव्हते. फुप्फुसाचा, आणि फुप्फुसाबाहेर पडलेला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "स्मोकिंग?" आणि विचारताना नवऱ्याकडे पाहिलं, जणू माझ्या वतीने त्यानेच खरं काय ते सांगावं. नवऱ्याने आयुष्यात एक सिगारेट ओढलेली नाही, पण तोच असा कावराबावरा झाला की मला त्याची दया आली. नंतर हाच प्रश्न मला शेजारणीने विचारला, स्टुडिओच्या मालकांनी विचारला, विम्याच्या माणसाने तर दोनदा विचारला. "एकदाही नाही? कॉलेजात वगैरे?" मी एकदा हो म्हटलं असतं तर सगळ्यांना हायसं वाटलं असतं. मग ते आपापल्या घरी निर्धास्त गेले असते.

आईला सांगायचं नाही हे दादाने ठरवलं. तो लगेच आला होता, हॉस्पिटलच्या उपाहारगृहात माझ्यासमोर बसून कागदी कपाची कडा कुरतडत होता. "तिचं वय बघ. तिचं बीपी बघ. तू बरी होशील गं, पण ती मधल्यामधे..." त्याने वाक्य पुरं केलं नाही, तो वाक्यं पुरी करत नाहीच. त्याला वाटलं होतं मी वाद घालेन. मी इतक्या पटकन हो म्हटलं की तो जरा नाराजच झाला. बीपीचं कारण त्याचं होतं, माझं वेगळं होतं आणि ते मी त्याला सांगितलं नाही. मला भीती वाटत होती. ती रडेल याची नाही. ती रडणाऱ्यांतली नव्हेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फिल्मवर दिसलं होतं, नवऱ्याने इंटरनेटवर वाचून वाचून डोळे लाल केले होते, तरी जगात एक जागा शिल्लक होती जिथे मला काहीही झालेलं नव्हतं. ती जागा म्हणजे आईचं डोकं. तिथे मी धडधाकट होते, बसची वाट बघत उभी होते, गुडघ्याची तक्रार करत होते. आईला कळलं असतं तर ती जागाही गेली असती आणि मग मी सगळीकडेच आजारी झाले असते. मला ती जागा काही करून राखायची होती. इतर कशावर माझा ताबा नव्हता, पण आवाजावर होता.

फोनवर खोकला लपत नाही. एकदा सर्दी झाली, एकदा ठसका लागला, एकदा मागे ट्रकने धूर सोडला, याहून जास्त सबबी माणसाला सुचत नाहीत. मग मी तिला सांगितलं की कामाच्या वेळा बदलल्यात, मी बोलून निरोप पाठवत जाईन. "चालेल की," आई म्हणाली, "परत परत ऐकता येईल." मी घरी स्वयंपाकघरात बसून बोलायचे, ते स्टुडिओत आणायचे आणि दुपारी सगळे जेवायला गेले की साफ करायचे. सुरुवातीला फक्त खोकले काढले. मग खाकरणं. मग वाक्य सुरू करायच्या आधी घशात एक अडकल्यासारखं व्हायचं ते. मग लक्षात आलं की नुसता श्वासही बारीक शिटी वाजवतो, म्हणून तोही काढला, आणि त्याच्या जागी स्वयंपाकघराची शांतता भरली, आमच्या फ्रिजच्या गुणगुणीसकट. काम नीट होत गेलं तसा मला त्यात आनंद व्हायला लागला हे कबूल करायला हवं. नखांच्या कडा आजारावरच्या रोजच्या गोळीने सुजलेल्या असायच्या, माउस धरला की ठणका लागायचा, तरी मी एकेक सुरवंट वेचून काढायचे. शेवटी जी बाई उरायची ती इतकी सुरेख बोलायची! तिला कशाची घाई नव्हती, कशाची धाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला हवेचीही गरज नव्हती.

गोळी मात्र लागू पडली होती, हे सांगायला हवं. माझ्या तऱ्हेच्या आजाराला लागू पडणारी गोळी असते, रोज एक, ठरलेल्या वेळेला, आणि ती लागू पडते आहे की नाही हे दर तीन महिन्यांनी यंत्रात आडवं होऊन बघायचं. पाणी आटलं, मी पुन्हा जिने चढायला लागले, स्टुडिओत परत आले. तोंड आलेलं असायचं, चेहऱ्यावर पुरळ असायचं, म्हणजे या वयात मला तारुण्यपिटिका आल्या होत्या, त्यावर नवरा आणि मी हसलोही. नवरा चांगला माणूस आहे. दिवसातून दहादा विचारतो, "कसं वाटतंय?" आणि विचारताना त्याचे डोळे असे असतात की 'बरं वाटतंय' सोडून दुसरं उत्तर देणं म्हणजे लहान मुलाच्या हातातलं खेळणं काढून घेणं. म्हणून मी दहादा बरं वाटतंय म्हणते. तपासणीच्या रांगेत मला एक टोपीवाले गृहस्थ भेटायचे, ते एकटेच यायचे आणि शेजारी बसून बोलायचे. "मी चाळीस वर्षं ओढली, बाई," ते एकदा म्हणाले, "मजेत ओढली. आता भोगतोय, तक्रार नाही. तुमचं म्हणजे न जेवता बिल आलं." मी इतकी हसले की नर्सने दारातून डोकं बाहेर काढलं. त्यांच्याशी बोलताना मला कधी धाप लपवावी लागली नाही. मागच्या खेपेला ते आले नव्हते. त्यांचं नाव मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे चौकशी तरी कुणाची करणार, आणि खरं म्हणजे करायची हिंमत नव्हती. पुढची तपासणी आता आठवड्यावर आली होती.

तू श्वास कुठे घेतेस. मी दिवसभर तो प्रश्न अंगावर घेऊन फिरले. उत्तर म्हणून काहीही थाप मारता आली असती, नवीन फोन आहे, फोनच असे आवाज गाळतो. दुसऱ्या कुणाला मी तेच सांगितलं असतं. पण मला एक वेगळीच कल्पना सुचली आणि ती सुचल्यावर माझ्या अंगात अचानक उत्साह आला. तिला श्वास हवेत ना, तर देऊ. नवीन माइक आला की तो तपासायला मी एक परिच्छेद वाचून ठेवते, वर्षानुवर्षं तोच परिच्छेद, आणि त्या फायली मी कधी पुसत नाही. दोन वर्षांपूर्वीची उघडली. खोकल्याच्याही आधीची. पडद्यावर मी होते. श्वास आखूड, गोल, आत गेला की संपला, पुढचा शब्द लगेच तयार. इतकी वर्षं लोकांचे श्वास फेकले, पण एखाद्या श्वासाकडे मी असं टक लावून पाहिलं नव्हतं. मग तुलना करायची म्हणून मी गोळी सुरू झाल्यानंतरचा एक जुना निरोप उघडला, न कापलेला. तिथे श्वासाला थोडं शेपूट होतं. मग कालचा उघडला. कालच्या श्वासाचं शेपूट लांब होतं, पुढच्या शब्दाच्या अंगावर जाऊन पडलं होतं. मी रेघ मोठी करून पाहिली, लहान करून पाहिली. आवाज बंद करून पाहिलं. यंत्रात आडवं व्हायला अजून आठवडा होता, पण पडद्यावर जे दिसत होतं ते वाचायला मला कुणा डॉक्टरची गरज नव्हती, हेच तर माझं काम. मी ती खिडकी बंद केली आणि जुन्या फायलीतले तीन चांगले श्वास कापून बाजूला ठेवले, जसं काही मी पाहिलंच नव्हतं.

ते तीन श्वास मी तपासायला एकामागे एक लावले होते तेव्हा बुलंद बाहेर आला. त्याने स्पीकरकडे कान केला. "कोण आहे ही?" त्याने विचारलं. "काय श्वास आहे! पोटापासून घेते. नवीन आलीये का?"

"जुनी आहे एक," मी म्हटलं.

"मग देत का नाहीत तिला पुस्तकं?"

"सोडून गेली ती."

"वाईट झालं," बुलंद म्हणाला आणि पाणी पिऊन आत गेला. मी नवा निरोप जुळवायला घेतला. काम नाजूक होतं. स्वल्पविरामाला लहान हवा म्हणून एक श्वास मधून कापून छोटा केला. पूर्णविरामांना उरलेले दोन आलटून पालटून वापरले, नाहीतर तोच तोच वाटला असता. 'आई, तुझं आपलं काहीतरीच. श्वास न घेता कुणी बोलेल का? फोन बदललाय, तो मधलं मधलं गाळत असेल. मी मजेत आहे. गुडघा तेवढा दुखतो.' जिथे खरी मी मधेच थांबले होते तिथे आता ती दोन वर्षांपूर्वीची बाई सुखाने हवा घेत होती आणि पुढे बोलत होती. ऐकताना मला तिचा मत्सर वाटला, चक्क मत्सर. तिला जिने चढता येत होते, ती बस चुकवत होती, आणि आपल्याकडे काय आहे याची तिला गंधवार्ता नव्हती. मी निरोप पाठवून दिला.

आईचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, मी बसमध्ये असताना. "ऐकला गं निरोप. बरं वाटलं. आता नीट ऐकू येतोय तुझा श्वास. काळजी मिटली बघ माझी. वेळेवर जेवत जा." एवढंच. जमलं होतं. मी जे राखायला निघाले होते ते राखलं होतं. दोन थांबे जाईपर्यंत मला खरंच आनंद झाला, खिडकीतून बाहेर बघत मी स्वतःशी हसलेसुद्धा. मग हळूहळू मला एकटं वाटायला लागलं. नुसतं एकटं नाही, कुणी घराबाहेर काढून आतून कडी लावावी तसं. आईच्या डोक्यात ती दुसरी बाई सुखरूप राहत होती, तिला माझा जुना श्वास दिला होता, आणि आता मला तिथे जायला जागा नव्हती. मी मेले तरी त्या बाईचे निरोप जात राहतील असं काहीतरी भलतंच मनात आलं. कुणाला तरी धरून बसावंसं वाटत होतं आणि शेजारी एक अनोळखी माणूस मोबाइलवर पत्ते खेळत होता. स्टुडिओत आले, हेडफोन चढवले, आणि निव्वळ सवयीने आईचा तो निरोप पडद्यावर उघडला.

आई असं बोलत नाही. तिच्या वाक्यांना बूड-शेंडा नसतो, बोलता बोलता ती वहिनीला हाक मारते, आवंढा गिळते, मागचं वाक्य अर्ध्यावर टाकून पुढचं उचलते. शाळेत पोरांना शिस्त लावली, पण स्वतः बोलताना तिने कधी पूर्णविराम पाळलेला नाही. इथे मात्र वाक्य संपलं की श्वास, वाक्य संपलं की श्वास, सगळे एका मापाचे. धडा वाचावा तसं वाचलं होतं. असा तिचा आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता. मी वसतिगृहात होते, शेवटची परीक्षा चालू होती, आणि रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या ऑफिसातून घरी फोन लावायचे. "पेपर कसा गेला?" आई विचारायची. मी प्रश्न सांगायचे, कुठला सोडला, कुठला लिहिला, ती नीट ऐकून घ्यायची आणि उद्या कुठला आहे ते विचारायची. बाबांना दे म्हटलं तर, "झोपलेत ते. उठवत नाही." शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तर फाटकाशी मामा उभा होता. बाबांना जाऊन तोवर तीन दिवस झाले होते. तीन संध्याकाळी ती माझ्याशी बोलली होती, घरात माणसं जमलेली असणार, आणि मला एक आवंढा ऐकू आला नव्हता. पुढे कधीतरी मी विचारलं होतं, "कसं जमलं गं तुला?" "वाचल्यासारखं बोलले," ती म्हणाली होती आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. त्याबद्दल मी तिला माफ केलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. माझ्यासाठीच केलं हे खरं, पण त्या तीन दिवसांत मला बाबा होते आणि तिला नव्हते, आणि आम्ही दोघी एकाच फोनवर होतो. हेडफोन कानांवर तसेच ठेवून मी तो निरोप बंद केला. तिला माहीत होतं.

बुलंदला मी चहाला पाठवलं आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या खोलीत आवाज भिंतीत मुरतो, आपलं बोलणं आपल्याच तोंडापाशी पडतं, नवीन माणसाला तिथे कोंडल्यासारखं होतं. मला नेहमी तिथे बरं वाटायचं. त्या दिवशी मात्र मलाही कोंडल्यासारखं झालं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. कितीतरी महिन्यांनी मी आईचा नंबर लावला. घंटा पूर्ण वाजायच्या आत तिने उचलला.

"आई," मी म्हटलं, आणि खोकला आला. साधा नव्हे, मोठा, कमरेतून वाकवणारा. मी तोंड फिरवलं, रुमाल शोधला, सापडला नाही, आणि अंगठा फोन बंद करायच्या बटणाकडे गेला.

"ठेवू नकोस," आई म्हणाली. "खोकून घे. मला घाई नाही."

मी खोकले. बुलंदच्या खुर्चीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकले, आणि पलीकडे ती काही न बोलता थांबली. बरी आहेस ना, पाणी पी, असलं काही नाही. संपल्यावर मी खुर्चीत बसले. धाप लागली होती आणि ती तिला ऐकू जात होती.

"दादाने सांगितलं का तुला?"

"तो काय सांगतोय! तुझा विषय निघाला की त्याला पाणी प्यायला उठायचं असतं. तुझी वहिनी रोज दूध उतू घालवते. आणि दोघं मला म्हणतात, सगळं ठीक आहे. मी काय कुकुलं बाळ आहे?"

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं की. श्वास कुठे घेतेस म्हणून."

"मग नंतर बरं वाटलं कशाला म्हणालीस?"

"एवढी मेहनत घेतलीस तू," आई म्हणाली. "काय म्हणणार होते?"

मला हसू आलं आणि हसू अर्ध्यावरच विरलं. आईही हसली असावी, पण नक्की सांगता येणार नाही. "काय आहे ते नाव घेऊन सांग," ती म्हणाली. मी सांगितलं. इतक्या महिन्यांत तो शब्द मी स्वतः तोंडाने उच्चारला नव्हता, सगळीकडे 'ते', 'रिपोर्ट', 'माझं हे' असंच चाललं होतं. फुप्फुसाचा कॅन्सर, डाव्या बाजूचा, पसरलेला. खोलीच्या भिंतींनी तो लगेच गिळून टाकला. "बरं," आई म्हणाली. पुन्हा म्हणाली, "बरं." कुठलं हॉस्पिटल, कुठलं औषध, किती दिवस, यातलं काही तिने विचारलं नाही. सिगारेटचं तर नाहीच.

"तू लहानपणापासून डाव्या कुशीवर झोपतेस," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून. कितीदा वळवलं तरी परत तिकडेच. आता कशी झोपतेस?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. भूक, वजन, ताप, नखं, सगळं विचारून झालं होतं. मी 'झोपते बरी' म्हणायला तोंड उघडलं. तेवढं म्हटलं असतं तर आठवडाभर, निदान तपासणी होईपर्यंत, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं.

"बसून," मी म्हटलं.

"बसून म्हणजे?"

"बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत. आडवी झाले की पाण्यात गेल्यासारखं होतं, आई. बरेच दिवस झाले. घरी सांगितलंय पाठ दुखते म्हणून. डॉक्टरांना सांगितलंच नाही. गोळी चालेनाशी झालीये, मला माहितीये, मी पाहिलंय. मला भीती वाटते गं."

मला वाटलं आता ती धडा वाचायला लागेल, आणि मी मनातल्या मनात तिला विनवलं की वाचू नकोस. मग आई रडायला लागली. मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं, बाबांच्या वेळीही नाही. म्हाताऱ्या बाईचं रडणं, नाक ओढत, मधे मधे काहीतरी बोलत, त्यातलं काही कळत नव्हतं, फक्त माझं लहानपणीचं नाव कळत होतं. मागून वहिनी घाबरून काय झालं काय झालं विचारत होती आणि आई तिला उत्तर देत नव्हती. मी तिला रडू नकोस म्हटलं नाही. फोन कानाला घट्ट धरला आणि मीही रडले.